जहाजावर पाऊल ठेवण्यापूर्वी

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

सेनगावच्या बसस्टँडजवळ चहा पिताना एका ओळखीच्या शेतकऱ्याने मला विचारलं, "गुरुजी, एवढ्या लांब गेलात, तिथं पिकतं काय?" मी म्हटलं, "काहीच नाही. नुसता बर्फ." तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, "मग ज्यांना हौस आहे त्यांना एवढं तरी सांगा, की जहाजावर नेमकं असतं काय, होतं काय." आजचं बोलणं त्याच्याच सांगण्यावरून.

मी जन्मभर भूगोल शिकवला. १९८१ साली, ६ डिसेंबरला, डॉ. एस. झेड. कासिम यांच्या नेतृत्वाखाली २१ जणांची पहिली भारतीय मोहीम गोव्याहून 'पोलर सर्कल' या जहाजाने निघाली आणि ९ जानेवारी १९८२ रोजी अंटार्क्टिकावर उतरली. तेव्हा मी नवखा शिक्षक होतो आणि आमचं सेनगाव अजून परभणी जिल्ह्यात होतं. वर्तमानपत्रातली ती बातमी मी फळ्यावर चिकटवली होती. पुढची तीस वर्षं दरवर्षी खडूने तो पांढरा खंड काढत राहिलो. मात्र आमच्या गावापासून समुद्र सरळ रेषेत चारशे किलोमीटरहून अधिक लांब. येलदरीच्या धरणाएवढं पाणी पाहिलं की आम्हाला समुद्र पाहिल्यासारखं वाटतं.

मला सत्तर वर्षं झाली तेव्हा परदेशात नोकरी करणाऱ्या मुलीने ठरवलं, की बाबांना आणि आईला तो खंड दाखवायचा. २०२३च्या डिसेंबरात आम्ही तिघं निघालो. जहाजाचं आणि कंपनीचं नाव घेत नाही, आकाशवाणीवरून जाहिरात करायची नसते. पण या प्रकारच्या जहाजांची रीत बहुतेक सारखीच असते.

आधी 'एक्स्पिडिशन क्रूझ' म्हणजे काय ते सांगतो. मुंबईच्या बंदरात जी प्रचंड प्रवासी जहाजं लागतात, ती म्हणजे तरंगतं शहरच. हजारो माणसं, नाटकगृह, दुकानं. मोहिमेचं जहाज त्यामानाने लहान असतं. आमच्यावर दीडशेच्या आसपास प्रवासी होते. लहान असण्याला कारण आहे. अंटार्क्टिकाला प्रवासी नेणाऱ्या कंपन्यांनी १९९१ साली आपली एक संघटना केली. तिच्या नियमाप्रमाणे पाचशेहून अधिक प्रवासी असलेल्या जहाजाला तिथे कोणालाही किनाऱ्यावर उतरवता येत नाही, आणि एका ठिकाणी एका वेळी शंभराहून अधिक प्रवासी उतरवता येत नाहीत. म्हणजे मोठ्या जहाजाचं स्वस्त तिकीट काढलं, तर बर्फ गॅलरीतूनच पाहायचा. तिकीट काढताना पहिला प्रश्न हाच विचारावा, की किनाऱ्यावर उतरवणार का आणि साधारण किती वेळा.

आता खर्च. आलिशान जहाजाचं भाडं माणशी दहा लाखांच्या पुढेच जातं आणि चांगल्या खोलीला त्याच्या दुप्पटही होतं. विमानभाडं, व्हिसा आणि विमा हा खर्च निराळा. आमच्याकडे एवढ्यात विहीर, पाइपलाइन आणि लेकीचं लग्न होतं, हे मला माहीत आहे. तो आकडा ऐकून मी दोन रात्री झोपलो नव्हतो. तो संकोच मनातून अजून पुरता गेलेला नाही.

फॉर्ममधली रिकामी जागा

पैसे भरल्यावर कंपनीकडून प्रकृतीचा फॉर्म येतो. हृदयविकार आहे का, शस्त्रक्रिया झाली आहे का, औषधं कोणती, जिना चढता येतो का, असे प्रश्न असतात. दोन वर्षांपूर्वी माझी अँजिओप्लास्टी झाली होती, एक स्टेंट आहे. फॉर्म मीच भरला. मुलीने फोनवर विचारलं, "बाबा, सगळं लिहिलंत ना?" मी म्हटलं, "हो." हृदयविकाराच्या रकान्यात मी 'नाही' लिहिलं होतं. खरं लिहिलं तर नेणार नाहीत, अशी भीती वाटली. तीस वर्षं मुलांना 'कॉपी करू नका' सांगणाऱ्या माणसाने हे केलं.

सौ.ने ते पाहिलं होतं. ती काही बोलली नाही. फक्त बॅग भरताना दवाखान्याची फाइल साड्यांच्या खाली ठेवली. मी नको म्हटलं तर म्हणाली, "असू द्या. कागद काही खायला मागत नाही."

सामानाबद्दल थोडक्यात सांगतो. तिथे उणे चाळीस अंश असतील या धाकाने लोक ट्रंका भरतात. पण ही जहाजं उन्हाळ्यातच, म्हणजे नोव्हेंबर ते मार्चमध्ये जातात, आणि अंटार्क्टिकाच्या द्वीपकल्पाच्या किनाऱ्यावर तेव्हा पारा शून्याच्या आसपास असतो. बोचतो तो वारा. त्यामुळे एकच जाड कपडा घेण्यापेक्षा आत अंगाला चिकटणारे उबदार कपडे, त्यावर लोकर आणि सर्वांत वर पाणी न शिरणारं जाकीट व पँट, असे थर हवेत. बाहेरचं जाकीट आमच्या जहाजावर भेट मिळालं आणि गमबूट वापरायला दिले. हातमोजे दोन जोड घ्यावेत. बर्फावरून येणारा उजेड डोळ्यांना फार लागतो, म्हणून काळा चष्मा विसरू नये.

मुंबईहून ब्युनोस आयर्स आणि तिथून अर्जेंटिनाच्या दक्षिण टोकाचं उश्वाया, या प्रवासात आमचे दोन दिवस गेले. उश्वायाच्या बंदरात जहाज उभं होतं.

पहिला दिवस : सराव आणि कुसळ

खोली उत्तम होती. पलंग, न्हाणीघर आणि समुद्राकडे उघडणारी गॅलरी. गरम पाणी चोवीस तास, आणि तेही समुद्राचंच पाणी गोडं केलेलं. आमच्या खोलीची व्यवस्था पाहणारा मुलगा गोव्याचा निघाला. गोव्यातली तारवटी मंडळी पिढ्यान् पिढ्या जहाजांवर काम करत आली आहेत. तो सौ.शी मराठीत बोलू लागला आणि तिची निम्मी धास्ती तिथेच गेली. शाकाहारी जेवणाची सोय होते, पण ती आधी कळवावी लागते. वरणभात मागितला तर मिळाला. मेतकूट आणि शेंगदाण्याची चटणी आमची आम्ही नेली होती.

पण या आलिशान जहाजावर सगळ्यात आधी मिळालं ते लाइफ जॅकेट. भोंगा वाजतो, प्रत्येकाने जॅकेट घेऊन ठरलेल्या जागी जायचं, तिथे हजेरी होते. कंटाळा येतो म्हणून कोणाला सूट नाही. यामागचा धडा खरा आहे. १९६९ साली खास या प्रवासासाठी बांधलेलं 'एक्स्प्लोरर' नावाचं जहाज २३ नोव्हेंबर २००७ रोजी किंग जॉर्ज बेटाजवळ बर्फावर आदळून बुडालं. त्यावर १५४ माणसं होती. थंडीत काही तास जीवरक्षक होड्यांत काढल्यावर ती सगळी वाचली, एकही दगावला नाही. हजेरी घेणाऱ्या अधिकाऱ्याकडे मी तेव्हापासून हेडमास्तरांकडे पाहावं तसं पाहू लागलो.

दुसरी तपासणी कपड्यांची होते. बाहेर घालायचा प्रत्येक कपडा, पिशवी, टोपी हे सगळं एका दालनात नेऊन ते लोक खिसे उलटे करतात, शिवणी पाहतात, व्हॅक्यूम लावतात. माझ्या पिशवीच्या चिकटपट्टीत एक कुसळ सापडलं. सेनगावच्या बांधावरचं गवत, माझ्याबरोबर जगाच्या टोकाला आलेलं! त्या बाईंनी ते चिमट्याने काढून मला दाखवलं. मुलगी हसली. मला हसू आलं नाही, कारण मला गाजर गवत आठवलं. परदेशातून आलेल्या धान्याबरोबर हे तण आपल्याकडे शिरलं आणि १९५०च्या दशकात पुण्यात पहिल्यांदा नजरेत भरलं, असं सांगतात. आज आपला एक बांध त्यापासून सुटलेला नाही. अंटार्क्टिकातही किंग जॉर्ज बेटावर एका संशोधन केंद्राजवळ बाहेरून आलेलं गवत रुजलं आहे आणि ते उपटण्याचं काम चालू आहे. गाजर गवत खुरपून ज्याची पाठ मोडली आहे, त्याला या तपासणीचं कारण समजावून सांगावं लागत नाही.

बोट लागली तेव्हा

उश्वायाहून निघालं की काही तासांनी ड्रेकची सामुद्रधुनी लागते. जिथे अरुंद आहे तिथेही ती सुमारे आठशे किलोमीटर रुंद आहे. भूगोलाच्या भाषेत सांगायचं तर, या अक्षांशावर पृथ्वीभोवती फिरणाऱ्या वाऱ्याला अडवायला जमीनच नाही. त्यामुळे वारा आणि लाटा पूर्ण जोरात येतात. ओलांडायला दीड ते दोन दिवस लागतात. जहाजाच्या पोटाला दोन्ही बाजूंनी पंख असतात, ते हेलकावे कमी करतात, पण थांबवत नाहीत.

बोट लागते ती अनेकांना. गोळी घ्यायची असेल तर त्रास सुरू होण्याआधी घ्यावी, नंतर ती पोटात राहत नाही. मात्र आपल्या नेहमीच्या औषधांबरोबर ती चालते का, हे घरीच डॉक्टरांना विचारून ठेवावं. पोट रिकामं ठेवू नये, पाण्याचे घोट घेत राहावं, जहाजाच्या मध्यभागी खालच्या मजल्यावर बसावं आणि क्षितिजाकडे पाहावं. चालताना एक हात कायम कठड्यावर असावा. दाराच्या फटीत बोटं घालू नयेत, कारण हेलकाव्यासरशी दार मिटतं.

दुसऱ्या रात्री मला दरदरून घाम फुटला आणि छाती दाटून आली. मी म्हणत होतो, बोट लागली असेल. सौ.ने ऐकलं नाही. तिने त्या गोव्याच्या मुलाला बोलावलं, त्याने डॉक्टरांना.

जहाजावर दवाखाना असतो. डॉक्टर, ईसीजी, प्राणवायू, इंजेक्शनं असतात. पण तो दवाखाना आहे, रुग्णालय नाही. तिथे अँजिओप्लास्टी होत नाही. डॉक्टरबाईंनी माझा फॉर्म काढला आणि मुलीमार्फत विचारलं, "हृदयाचा काही त्रास?" मी गप्प बसलो. सौ.ने पिशवीतून फाइल काढून टेबलावर ठेवली. मुलीने फाइलकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. तिची ती नजर मी विसरणार नाही.

ईसीजी दोनदा काढला, रक्त तपासलं. सुदैवाने हृदय ठीक होतं. उलट्यांनी शरीरातलं पाणी कमी झालं होतं आणि रिकाम्या पोटी पित्त उसळलं होतं. पहाटे डॉक्टरबाईंनी मला समजावलं. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, पण त्या शांतपणे बोलल्या. हा हृदयविकाराचा झटका असता, तर किंग जॉर्ज बेटावरच्या धावपट्टीवरून विमानाने चिलीला न्यावं लागलं असतं. तिथे धुकं असेल तर विमान उतरत नाही, कधी दिवसेंदिवस थांबावं लागतं. नाहीतर जहाजच मागे वळवायचं. मग या दीडशे माणसांचा प्रवास तिथेच संपला असता. "आणि तुम्ही खरं लिहिलं असतंत," त्या म्हणाल्या, "तर आम्ही तुमच्या डॉक्टरांचं पत्र मागितलं असतं. कदाचित तुम्हाला आणलंही असतं. निदान पहिल्या मिनिटाला काय करायचं ते आम्हाला माहीत असतं."

जहाजावर एक जोडपं होतं. त्यांनी कितीतरी वर्षं पैसे साठवून ही तिकिटं काढली होती. न्याहारीला ते माझ्या समोरच्या टेबलावर बसत. त्या दिवशी मला त्यांच्याकडे मान वर करून पाहता आलं नाही.

किनाऱ्यावर

डॉक्टरांनी मला पहिला दिवस उतरू दिलं नाही. सौ. म्हणाली, "मग मीही थांबते." मुलीने तिला बळेच तयार केलं.

उतरतात ते फुगवलेल्या रबरी होडीतून, तिला झोडियाक म्हणतात. एका होडीत आठ-दहा जण. जहाजाच्या शिडीवरून उतरताना पंजात पंजा द्यायचा नाही. खलाशाने आपलं मनगट धरायचं आणि आपण त्याचं, म्हणजे ओला हात निसटत नाही. त्याआधी गमबूट जंतुनाशकाच्या पाण्यातून काढायचे. जहाज सोडताना आणि परतताना ओळखपत्राची नोंद होते, कोणी किनाऱ्यावर राहून जाऊ नये म्हणून. किनाऱ्यावर खायचं नाही, दगड, पीस किंवा हाड उचलायचं नाही, आणि शौचालय नाही, म्हणून चहा बेताने प्यायचा. पेंग्विनपासून निदान पाच मीटर लांब राहायचं. तो चालत आपल्याकडे आला तर आपण बाजूला व्हायचं, वाट त्याची. आणि बर्डफ्लूच्या साथीच्या धास्तीमुळे आम्हाला खाली बसायला, पिशवी टेकवायलाही मनाई होती.

मी गॅलरीत दुर्बीण घेऊन बसलो होतो. लाल जाकिटांच्या रांगेत आमची ही कोणती, ते शोधत होतो. दीड तासाने ती परतली. गाल लाल, डोळ्यांत पाणी, वाऱ्याचं की कशाचं कोण जाणे. मी विचारलं, "कसं आहे?" म्हणाली, "तुम्ही फळ्यावर काढायचात तसंच आहे. पण एवढा घाण वास येतो, ते कधी मुलांना सांगितलं नाहीत."

खरं होतं ते. हजारो पेंग्विनांची विष्ठा किनाऱ्यावर साचलेली असते. क्रिल नावाचे कोळंबीसारखे जीव खाल्ल्यामुळे ती गुलाबी दिसते. चित्रात वास येत नाही, हे तीस वर्षं माझ्या लक्षात आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून मला छोट्या फेऱ्यांची परवानगी मिळाली. चढ चढायचा नाही, मार्गदर्शकाच्या नजरेसमोर राहायचं, या अटीवर. मी अंटार्क्टिकावर पाऊल ठेवलं, ते असं.

जहाजावरचा दिवस

रोज सकाळी ध्वनिक्षेपकावरून मोहीमप्रमुख दिवसाचा बेत सांगतात. तो बेत खडूने लिहिलेला समजावा. वारा वाढला, बर्फ सरकून खाडी भरली, की दुसरा बेत. आमचे दोन उतार रद्द झाले. त्यांतला एक डिसेप्शन बेटाचा होता. ज्वालामुखीचं मुख समुद्राने भरलं आहे आणि जहाज अरुंद दारातून त्याच्या आत शिरतं, असं ते ठिकाण. त्यासाठी मी नकाशा घोकून गेलो होतो. काही प्रवासी चिडले, पैशाची भाषा बोलले. मला मृग कोरडा गेल्यावर दुबार पेरणी करणारी आमची माणसं आठवली. आभाळाशी भांडता येत नाही, हे आपल्याला कोणी शिकवावं लागत नाही.

उतरणं नसेल तेव्हा व्याख्यानं असतात. पक्षी, देवमासे, हिमनद्या, जुन्या मोहिमा हे विषय. संध्याकाळी दिवसभरात काय पाहिलं याची उजळणी. ती मी चुकवली नाही. जेवणखाण, मऊ गाद्या, बाष्पस्नान हे सगळं आहे आणि छान आहे. डिसेंबरात रात्री अकरालाही लख्ख उजेड असतो, त्यामुळे खिडकीचा पडदा लावून झोपायचं. इंटरनेट उपग्रहावरून येतं, कधी चालतं कधी नाही. शेवटी कर्मचाऱ्यांना बक्षिसी देण्याची पद्धत आहे. ती भाड्यात धरली आहे का, ते आधी विचारावं.

एका हंगामात अंटार्क्टिकाला जाणारे प्रवासी आता लाखाहून अधिक झाले आहेत. एवढ्यांनी जावं का, हा प्रश्न जहाजावरच्या शास्त्रज्ञांनाही पडतो. माझ्याकडे त्याचं उत्तर नाही. गेलो तर पाहुण्यासारखं जावं, एवढं म्हणेन.

परत आल्यावर आमच्या जुन्या शाळेत बोलावलं होतं. फोटो दाखवले, कुसळाची गोष्ट सांगितली, फॉर्मची गोष्टही सांगितली. ती सांगताना घसा कोरडा पडला, पण सांगितली. मागच्या बाकावरून एका मुलाने विचारलं, "गुरुजी, पैसे नसले तर जाता येतं का?"

येतं. गोव्यात वास्कोला राष्ट्रीय ध्रुवीय व समुद्री संशोधन केंद्र आहे. आपली 'मैत्री' आणि 'भारती' ही दोन केंद्रं अंटार्क्टिकावर आहेत. तिथे शास्त्रज्ञांबरोबर डॉक्टर, स्वयंपाकी, इलेक्ट्रिशियन, वाहनं दुरुस्त करणारे असे लोकही दरवर्षी जातात. त्यांचा खर्च सरकार करतं. बर्फात राहण्याचं प्रशिक्षण उत्तराखंडात औलीला होतं.

"आणि त्याआधी," मी त्याला म्हटलं, "प्रकृतीची कडक तपासणी होते. तिथेही एक फॉर्म असतो." सगळा वर्ग हसला. तो मुलगा मात्र वहीत 'वास्को' लिहून घेत होता.